पडदा फाटू नये म्हणून: निरा डावा कालवा लाभक्षेत्रातील गेमरांसाठी मार्गदर्शक सूचना

बारामती व इंदापूर तालुक्यांतील, तसेच शिक्षणानिमित्त या तालुक्यांत कॉट बेसिसवर राहणाऱ्या सर्व गेमरांना कळविण्यात येते की, पीसीवर गेम खेळताना पडदा आडवा फाटणे आणि कळ दाबल्यावर गोळी उशिरा सुटणे या दोन तक्रारी वेगवेगळ्या टेबलांवर देऊ नयेत. दोन्हींचे मूळ पाळीत आहे. आणि पाळी काय चीज असते, हे या लाभक्षेत्राला कोणी शिकवायला नको. वीर धरणातून निघालेला निरा डावा कालवा पुरंदर, बारामती करत इंदापूरला जातो. आवर्तन सुटल्याची बातमी आणि शेवटच्या चारीत आलेले पाणी यांच्यात किती काळ जातो, हे टेलच्या माणसाला ‘इनपुट लॅग’ हे नाव कानावर येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

आता शेताची मोजणी. फुल एचडी मॉनिटरवर १०८० सऱ्या असतात आणि त्या वरून खाली, एकीमागून एक भिजतात. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदात ६० वेळा सगळे शेत भिजवतो, म्हणजे एका भिजवणीला १६.७ मिलिसेकंद. ग्राफिक्स कार्ड हे धरण. धरण घड्याळ बघत नाही. समोर नुसती भिंत असेल तर ५ मिलिसेकंदांत चित्र तयार. धूर, स्फोट आणि पाऊस एकदम आले की २५. आणि तयार झाले की ते तडक सोडून मोकळे होते. मॉनिटर पाचशेव्या सरीवर असताना नवे चित्र आले, तर वरच्या पाचशे सऱ्यांत जुने चित्र राहते आणि खालच्यांत नवे भरते. शत्रूचे डोके एका जागी, धड चार बोटे सरकलेले. फाटणे म्हणतात ते हेच.

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेलच, की इथे वरच्याला शिळे आणि खालच्याला ताजे मिळते. टेलला हेडच्या आधी मिळाल्याचे एवढे एकच प्रकरण आमच्या दप्तरी आहे. इंदापूरकरांनी मात्र फटाके वाजवू नयेत. पुढच्याच भिजवणीत ते दुरुस्त होते.

फाटल्याचा पंचनामा स्क्रीनशॉट काढून करू नये. स्क्रीनशॉट धरणातल्या चित्राचा निघतो, आणि धरणात चित्र अखंडच असते. पुरावा हवाच असेल तर मोबाईलने पडद्याचे स्लो मोशनमध्ये चित्रण करावे. पंच म्हणून रूममेट चालेल, पण तो त्याच सामन्यात विरुद्ध बाजूने खेळत नसावा.

यावरचा सर्वांत जुना उपाय व्ही-सिंक, म्हणजे शेजपाळी. तो चालू केला की कार्डाला तंबी मिळते: शेवटची सरी भिजून पाटकरी पुन्हा वर येईपर्यंत दार उघडायचे नाही. फाटणे थांबते, अगदी पूर्ण थांबते. पण तयार झालेले चित्र पाळीची वाट बघत बसून राहते आणि तोवर तुमच्या हाताने माउस दुसरीकडे नेलेला असतो. याहून वाईट गोष्ट जुन्या धाटणीच्या, दोनच बफरांच्या (म्हणजे चित्र ठेवायच्या दोनच जागांच्या) व्ही-सिंकमध्ये घडते. समजा चित्राला १७ मिलिसेकंद लागले. पाळी १६.७ ला होती. ०.३ मिलिसेकंदाने हुकली, आता पुढची ३३.३ ला. एवढ्याशा उशिराने ६० फ्रेमचा गेम ३० वर येतो. पाणी मागणीचा नमुना नंबर ७ मुदतीनंतर घेऊन गेलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. यावर ट्रिपल बफरिंग नावाचे शेततळे मधे खोदता येते. त्याने तो धक्का कमी होतो, पण बऱ्याच गेममध्ये तळ्यातले आधी साठलेले चित्र आधी सोडावे लागते, म्हणजे ताजे पुन्हा मागेच.

आमचे मत विचाराल तर, निशाणेबाजीच्या गेममध्ये व्ही-सिंक बंद ठेवून फाटका पडदा पत्करावा. ट्रक चालवणे, शेती करणे, डोंगरातून निवांत भटकणे अशा गेममध्ये तो खुशाल चालू ठेवावा. (दिवसभर शेतात राबून रात्री पीसीवर पुन्हा ट्रॅक्टर चालवणाऱ्यांविषयी आम्हाला आदर आहे. त्यांना लॅगची तक्रार करताना कोणी ऐकलेले नाही.)

दुसरी बाब धरण काठोकाठ न भरण्याची. कार्ड शंभर टक्के राबत असले की प्रोसेसर पुढच्या चित्रांच्या चिठ्ठ्या आगाऊ लिहून त्याच्या दारात रांगेत लावतो. तुमची आत्ताची क्लिक त्या रांगेत सर्वांत मागे. एफपीएसचा आकडा दिसायला झकास, हाताला मात्र सगळे चिखलातून चालल्यासारखे. अशा वेळी गेमच्या सेटिंगमध्येच फ्रेमची मर्यादा घालावी आणि कार्डाला थोडा दम खाऊ द्यावा. कमी फ्रेम घेऊन गेम जास्त चपळ वाटतो, हे सांगून पटत नाही. करून बघावे लागते. एनव्हिडियाने २०२० मध्ये आणलेली रिफ्लेक्स ही सोय हेच काम करते, ती चिठ्ठी आगाऊ लिहूच देत नाही. गेममध्ये दिसली तर चालू करावी.

खरा तोडगा निघायला २०१३ साल उजाडले. तोपर्यंत धरणाने शेताच्या वेळा पाळायच्या किंवा मोडायच्या, एवढेच दोन मार्ग होते. एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केले आणि कारभार उलटा झाला: पाणी येईल तेव्हा भिजवणी सुरू, नाहीतर मॉनिटर थांबेल. फाटणेही नाही आणि शेजपाळीची ताटकळही नाही. सुरुवातीला यासाठी मॉनिटरमध्ये एनव्हिडियाचा महागडा तुकडा लागायचा. पुढे एएमडीने फ्रीसिंक आणले, व्हेसा या संस्थेने २०१४ मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकला मानकात जागा दिली आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही असल्या मॉनिटरवर चालू लागली. त्यामुळे आता हे सुख बेताच्या मॉनिटरवरही मिळते. फक्त त्याचा पट्टा बघून घ्यावा, उदाहरणार्थ ४८ ते १४४ हर्ट्झ. गेम १४४ च्या वर गेला की पुन्हा जुनेच भांडण. म्हणून मर्यादा तीनेक फ्रेम खाली, १४१ वर घालावी. अशा मॉनिटरवर ड्रायव्हरमध्ये व्ही-सिंक चालू ठेवावा, गेममध्ये बंद. चालू की बंद, यावर होस्टेलमध्ये रात्र जाते. दोन्ही, वेगवेगळ्या जागी.

येथवर वाचून कोणी घरी मॉनिटरची मागणी नोंदवली असेल, तर तिला आम्ही स्थगिती देतो. या लाभक्षेत्रात मॉनिटर उसाच्या हप्त्यावर येतो. कारखान्याचे बिल जमा झाले की सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, बहिणीची फी, आणि मग उरले तर १४४ हर्ट्झ. तो पुण्याहून येतो, खोक्याचे फोटो निघतात, आणि पुढचा हंगाम येईपर्यंत तो ६० वर चालत राहतो, कारण बऱ्याच वेळा विंडोज त्याला मुकाट्याने ६० वरच ठेवते. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, आणि तिथे रिफ्रेश रेट. पैसा न लावता १६.७ चे ६.९ मिलिसेकंद होतात. हा बदल वडिलांना दाखवायचा असल्यास माउसचा बाण गोल फिरवून दाखवावा.

“आबा, बघा, आता कसा सलग पळतोय.”

“मग इतके दिवस काय करत होतास?”

या प्रश्नावर या खात्याकडे उत्तर नाही.

त्यानंतर पीसीच्या मागे वाकावे. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत आहे की वर मदरबोर्डाच्या, हे डोळ्यांनी बघावे. मदरबोर्डात असेल तर सहसा सगळा गेम प्रोसेसरमधल्या तुटपुंज्या ग्राफिक्सवर चाललेला असतो आणि हजारोंचे कार्ड शेजारी पंखे फिरवत बसलेले असते. केबल जुनी असेल तर सेटिंगमध्ये १४४ चा पर्याय कधीकधी दिसतच नाही. तेव्हा मॉनिटरला शिव्या देण्याआधी खोक्यातली डिस्प्लेपोर्टची केबल शोधावी. ती सहसा आईने “काहीतरी वायर” म्हणून माळ्यावर ठेवलेली असते. माउस १२५ हर्ट्झवर असेल तर तो ८ मिलिसेकंदांतून एकदा खबर देतो, १००० वर एका मिलिसेकंदाने. तेवढे बदलून पुढे जावे.

बैठकीतल्या टीव्हीला पीसी जोडणाऱ्यांनी गेम मोड लावल्याशिवाय तक्रार करू नये. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात ते स्वतःकडे अडवून ठेवतो, काही टीव्ही तर १०० मिलिसेकंदांपर्यंत, आणि हा विलंब कोणत्याही व्ही-सिंकच्या वरताण आहे. खेळून झाल्यावर मोड पूर्ववत करावा. रात्री मालिकेतले रंग बदललेले दिसले तर चौकशी होते.

पिंग या सूचनांच्या कक्षेत येत नाही. बारामतीहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत तारेतला प्रकाश दीड मिलिसेकंदाच्या आत पोचू शकतो. बाकीचा उशीर तारेची वळणे, वाटेतली यंत्रे आणि तीन भावंडांत वाटलेले वायफाय यांचा. त्यावर लॅनची केबल ओढणे हा उपाय आहे; भाड्याच्या खोलीत भिंतीला भोक पाडण्याची परवानगी घरमालकाकडून आधी घ्यावी.

शेवटची तरतूद वस्तीवर राहणाऱ्यांसाठी. रात्री दोनला थ्री फेज आली आणि आबांनी दारं धरायला हाक मारली, तर उठावेच लागते. रँक्ड सामना अर्ध्यात सोडल्याबद्दल गेम दंड लावतो आणि काही काळ खेळू देत नाही. उसाच्या पाळीचे कारण माफीच्या यादीत अजून कोणी घातलेले नाही.