आलोच!

मराठीतलं सगळ्यात लवचिक अक्षर कोणतं, असं कुणी विचारलं तर मी 'च' म्हणेन. 'आलो' म्हणजे माणूस दारात उभा. 'आलोच' म्हणजे त्याची आंघोळ व्हायची आहे. माणिकपुरात माझा तीस वर्षांचा संसार या एका अक्षरावर सुखाने चालला होता. अंबाडी रोडवर गप्पा झोडत असताना फोनवर 'पोचतोच' म्हणायचं. तिकडे कुकर चढायचा आणि तिसऱ्या शिट्टीला मी खरोखर दारात असायचो. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग चिरंजीवांनी माझ्या फोनमध्ये लोकेशन चालू करून दिलं. "काळजी वाटते, बाबा." व्हॉट्सॅपवर लाइव्ह लोकेशनच्या तीन मुदती असतात : 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास. गुन्हा न सांगताच हिने मला 8 तास सुनावले. रोजचे.

पहिल्याच संध्याकाळी भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली आणि फोन वाजला. विरार लोकलमध्ये खिशातून फोन काढणं हे योगासनांच्या वरच्या परीक्षेला असतं.

"अहो, तुम्ही पाण्यात काय करताय?"

"पाण्यात कुठे? गाडीत आहे."

"मग ठिपका खाडीत कसा?"

त्या पुलावरून लोक निर्माल्य टाकतात हे ऐकून होतो. नवरा टाकल्याची ही पहिलीच नोंद. दारातल्या चौघांनी माझ्याकडे हळहळून पाहिलं. नायगाव येईपर्यंत मी जिवंत असल्याचं पटवत होतो.

घरी येऊन मी या ठिपक्याची कुंडली मांडली. वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत वेळ सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले, यावरून फोन आपली जागा ठरवतो. सगळा खेळ घड्याळाचा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी चूक झाली, तरी अंतर 300 मीटरनं चुकतं. त्यात लोकलचा पत्रा आणि माणसांची भिंत! ठिपका खाडीत पडला यात नवल नाही, दमणला गेला नाही हेच नशीब.

मग माझ्या मनात एक भलता हिशेब आला. 'पाच मिनिटांत आलोच' म्हणून मी दहा मिनिटांनी पोचतो. उपग्रहाच्या भाषेत ही चूक नऊ कोटी किलोमीटरची, म्हणजे सूर्याच्या निम्म्या वाटेच्याही पुढची. एवढा भरकटलेला नवरा परत आला, तरी ही फक्त म्हणते, "चहा गार झालाय." ही सहनशक्ती कुठल्याही उपग्रहात नाही.

बरं, इतकं सूक्ष्म ज्ञान असलेल्या नकाशाला आमचं घर काही सापडत नाही. यात थोडा दोष आमचाही आहे. जागचे न हलता आम्ही पत्ता बदलतो. 2009 साली आमची नवघर-माणिकपूर नगरपरिषद वसई-विरार महापालिकेत गेली. 2014 साली ठाणे जिल्हा सुटून पालघर लागला. रेल्वेसाठी तर आम्ही आधीपासूनच वसई रोड.

परवा पार्सल घेऊन आलेल्या मुलाला नकाशाने एका मोकळ्या प्लॉटवर नेऊन सोडलं आणि 'आपण पोचला आहात' असं सांगितलं. तिथून त्याचा फोन.

"काका, मॅप बरोबर आहे. तुमचंच घर चुकलंय."

तिथल्या एका आजींनी त्याला सांगितलं म्हणे, "अरे, इथे घर कधीच नव्हतं. बावखल होतं. बुजवलं." म्हणजे खाडीतून वाचलो तर बावखलात! नकाशाच्या मते मी कायम पाण्यातच. मात्र पुढचा रस्ता आजींनीच दाखवला : चर्चकडे जा, जिथे चिंच होती तिथे वळ, पूर्वीच्या पिठाच्या गिरणीसमोरची बिल्डिंग. चिंच नाही, गिरणी नाही. तरी मुलगा तीन मिनिटांत आमच्या फाटकाशी हजर. खालून त्याने हाक मारली, "काका, खाली या."

मी पंचा गुंडाळून, तोंडाला साबण लावून उभा होतो. ठिपका घरातच होता, अगदी अचूक. मी ओरडलो, "आलोच!"

त्याने इंजिन बंद केलं, गाडी स्टँडवर लावली आणि कट्ट्यावर निवांत मांडी घातली.

माणिकपूरचाच असणार.