अहो, टेबल पळवलं म्हणे!

ऐकलंत का? क्रिएटिव्ह माणसांची टेबलंच काढून घेतली म्हणे! लोअर परळ बघा नाहीतर बाणेर, जिकडे तिकडे हेच खूळ. सकाळी मोबाईलवर जागा बुक करायची, संध्याकाळी चंबूगबाळं आवरून लॉकरमध्ये कोंबायचं. का, तर एका जागी बसून डोकं गंजतं आणि फिरतं राहिलं की सुचतं! मग एसटीच्या कंडक्टरला काय काय सुचत असेल, विचार करा.

बरं, हे खूळ आपलं नव्हे हं. याचे आद्यपुरुष अमेरिकेतले. जे शायट. ॲपलच्या मॅकिन्टॉशची १९८४ ची ती गाजलेली जाहिरात केली ना, त्या शायट/डे कंपनीचे सर्वेसर्वा. गृहस्थ बर्फावर स्कीइंग करत असताना त्यांच्या मनात आलं, की ऑफिसात टेबलं हवीतच कशाला? घसरता घसरता सुचलेली कल्पना, दुसरं काय होणार! १९९४ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या ऑफिसातून टेबलं, केबिनी, सगळं गायब. रोज सकाळी काउंटरवर लॅपटॉप आणि फोन मागून घ्यायचा. दोघांना खासगी बोलायचं असेल तर जत्रेतल्या गरगर फिरणाऱ्या पाळण्याच्या गाड्या आणून ठेवलेल्या, त्यात बसा!

पुढचं तर ऐकाच. लॅपटॉप पुरेनात. मग काय, लोक पहाटे येऊन पटकावू लागले, रात्री लपवून ठेवू लागले. कागदपत्रं गाडीच्या डिकीत. एक बाई तर फायली लहान मुलांच्या खेळण्यातल्या लाल गाड्यावर घालून ऑफिसभर ओढत हिंडायची! साहेब माणसं शोधतायत, माणसं खुर्च्या शोधतायत. १९९५ मध्ये शायटनी कंपनी विकली आणि १९९८ मध्ये नव्या ऑफिसात टेबलं परत आली. तिकडे ज्याची अशी शोभा झाली, ते इकडे आपण नवं म्हणून मिरवतोय!

आणि त्या ब्रेनस्टॉर्मिंगबद्दल, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून कल्पना काढण्याबद्दल, तर बोलायलाच नको. काचेवर पिवळ्या चिठ्ठ्यांची बरसात, साहेब म्हणणार, "कुठलीही कल्पना वाईट नसते." आणि साहेबांनी स्वतःची सांगितली की बाकीच्या सगळ्या आपोआप वाईट! ही टूम काढली ॲलेक्स ऑस्बॉर्न नावाच्या जाहिरातवाल्याने. त्याचं यावरचं पुस्तक १९५३ मध्ये आलं आणि १९५८ मध्ये येल विद्यापीठाने पितळ उघडं पाडलं. चौघांना एकत्र बसवलं तर जितकं सुचलं, त्याच्या जवळजवळ दुप्पट चौघांना वेगवेगळं बसवल्यावर सुचलं. पुढे १९८७ मध्ये दोन संशोधकांनी कारणही दाखवून दिलं. एक बोलत असताना बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघतात, तोवर सुचलेलं विरून जातं. इतकी वर्षं झाली, तरी सोमवारी अकराची मीटिंग आहेच! एखादी कॉपीरायटर पोरगी मात्र मीटिंग संपली की फायर एक्झिटच्या जिन्यात जाऊन बसते, कानात इअरफोन. गाणं बिणं काही चालू नसतं हो, कोणी बोलायला येऊ नये म्हणून! जाहिरातीची ओळ तिथे सुचते.

पिक्सारवाल्यांनी त्यातल्या त्यात शहाणपण दाखवलं. सिनेमा अर्धाकच्चा असतानाच दुसऱ्या दिग्दर्शकांना दाखवायचा. त्यांनी तोंडावर सांगायचं, कुठे कंटाळा आला ते. पण ऐकायचंच असं बंधन दिग्दर्शकावर नाही. साधी गोष्ट, पण कोणत्या साहेबाला झेपणार सांगा? सल्ला द्यायचा आणि तो पाळलाच पाहिजे म्हणायचं नाही!

आता खरी आतली बातमी. टेबलं काढण्यामागे सर्जनशीलता बिर्जनशीलता काही नसते, भाडं वाचवायचं असतं. शंभर माणसं आणि सत्तर खुर्च्या हा हिशोब ज्याला सुचला ना, तोच त्या कंपनीतला सगळ्यात क्रिएटिव्ह माणूस. तो बसतो अकाउंट्समध्ये. स्वतःच्या टेबलाशी!