साथीदाराची दिवाळी

दिवाळीतला तुमचा सर्वांत आवडता कार्यक्रम कोणता, असं साथीदाराला विचारलं की तो ठरलेलं उत्तर देतो. पहाटेची मैफल, हवेत गारवा, सकाळचे राग, समोर जाणकार रसिक. यातले ‘जाणकार रसिक’ हे शब्द उच्चारताना तो विचारणाऱ्याकडे अशा नजरेने बघतो की विचारणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारू नये. साथीदार म्हणजे इथे तबलावादक समजायचा. गायकाच्या उजव्या हाताला बसलेला, खांद्यावरच्या पिशवीतून काळी एक आणि काळी चार असे दोन तबले वागवणारा, आणि जाहिरातीत अगदी तळाशी ‘साथसंगत’ या शब्दापुढे आडनावातल्या एका चुकीसह सापडणारा गृहस्थ. त्याचं ते उत्तर खोटं नाही, पण सभ्य आहे. त्याचं वागणं जरा बारकाईने पाहिलं तर खरा आवडता कार्यक्रम वेगळाच निघतो. ज्या कार्यक्रमात चहा-नाश्ता वेळेवर पोचत नाही, तो त्याचा आवडता कार्यक्रम. हे विधान थट्टेचं वाटेल, म्हणून पुरावे देतो.

पहिल्यांदा पहाटेची बाजू तपासू. एकेकाळी रात्री बसलेली मैफल उजाडल्याशिवाय उठत नसे. पुण्यात भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सवही कैक वर्षं रात्र-रात्र चालला. ललत, भटियार, तोडी यांची तिथली जागा हक्काची होती. पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहा ते सकाळी सहा मनाई केली, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई आणखी पक्की केली, आणि हे सगळे राग रस्त्यावर आले. ऐंशीच्या दशकात मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानने रुजवलेली आणि एव्हाना गावोगाव पोचलेली दिवाळी पहाट त्यांना आसरा देईल, असं वाटणं साहजिक होतं. पण नियम पहाटेलाही तोच. बंद सभागृह नसेल तर कागदोपत्री माईक सहाला सुरू व्हायचा. मग दीपप्रज्वलन, मग काडेपेटी कोणाकडे आहे याचा शोध, मग वाऱ्याने विझलेल्या दोन वाती पुन्हा लावणं, मग प्रास्ताविक. गायकाने षड्ज लावेपर्यंत ऊन स्टेजच्या कनातीवर आलेलं असतं. ललताची वेळ केव्हाच टळलेली. अहिरभैरव घ्यायचा, तोही पंधरा मिनिटांत. विलंबित एकतालाचं एकेक आवर्तन मिनिटभर खातं, त्यात स्थायी, अंतरा, थोडी आलापी आणि शेवटी द्रुत बसवायची म्हटल्यावर तबल्याच्या वाट्याला एखादी तिहाई येते, आणि तीही गायकाच्या तानेवर पडते. त्यातून गारव्याचं म्हणाल तर दव पडलं की पुडी ओल धरते आणि सूर उतरतो. हातोडीने गठ्ठे ठोकून तो चढवावा, तोवर स्टेजवरचे दिवे तापतात आणि तोच तबला भलत्या सुरावर जाऊन बसतो. पहाटेच्या थंडीचं कौतुक कवींनी केलं आहे. त्यांना वाद्य मिळवायचं नव्हतं.

मैदानावरच्या भव्य पहाटेत तर सूर मिळालाच पाहिजे अशी फारशी निकडही नसते. तिथे वीस-बावीस गाण्यांची यादी आठवड्यापूर्वी ठरते. गणेशवंदना, भूपाळी, अभंग, नाट्यपद, दोन भावगीतं, प्रायोजकांच्या पत्नीच्या आवडीचं एक हिंदी गाणं, लावणी आणि भैरवी. तबल्याच्या बाजूने पाहिलं तर हा प्रवास केहरव्यापासून केहरव्यापर्यंतचा असतो. वाटेत दादरा आणि भजनी ठेका ही स्टेशनं लागतात, आणि संगीत संयोजक धाडसी असला तर रूपक. दिल्ली, अजराडा, फरुखाबाद या घराण्यांचे कायदे ज्याने वर्षानुवर्षं घोटून हातात बसवले, तो तीन तास सहा आणि आठ मात्रांच्या आत नांदतो. गाण्याचे दोन अंतरे वेळेअभावी कापलेले असतात, निवेदन मात्र अखंड. निवेदकाला चंद्र, प्राजक्त आणि आजीच्या हातचं उटणं यांवरून गाण्यापर्यंत यायला इतका वेळ लागतो की गाणं हे त्या निवेदनाचं उदाहरण म्हणून येतं. महापालिकेची निवडणूक तोंडावर असेल तर अभंगाच्या मध्यावर एक इच्छुक उमेदवार स्टेजवर येतात. विठ्ठल थांबतो, सत्कार होतो. शाल साथीदारालाही मिळते. त्याच्या घरी त्या शालींचं स्वतंत्र कपाट आहे.

इथे कोणीही विचारेल की वेळापत्रक तर मैदानावरही बिघडतं, मग तो कार्यक्रम का आवडू नये? फरक असा, की मैदानावर संगीताचा वेळ खाल्ला जातो, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो अनपेक्षितपणे उरतो. सोसायटीच्या पहाटेचं नियोजन सांस्कृतिक समिती करते. समितीत एक निवृत्त बँक अधिकारी, एक उत्साही वहिनी आणि एक तरुण असतो, त्याचं काम ‘हॅलो, माईक चेक’ म्हणणं. दोन स्पीकर, सतरंज्या, मागे आकाशकंदील, पुढे नव्या कपड्यांत अवघडलेली मुलं. बारा गाणी ठरलेली, ती साडेआठला आटोपतात. तेवढ्यात कळतं की उपमा आणि चहा अजून आलेला नाही, कारण केटररने त्याच सकाळी शहरात आणखी चार पहाटा घेतल्या आहेत. निवृत्त अधिकारी स्टेजच्या बाजूला येऊन दोन्ही हात लांबवत ‘अजून ताणा’ अशी खूण करतात. भैरवी गाऊन टाकली तर पुढे काही म्हणता येत नाही, म्हणून गायक ती राखून ठेवतो आणि एक फर्माईश घेतो. ती संपते. उपमा येत नाही. मग गायक रुमालाने कपाळ पुसतो आणि वर्षभरात सहसा न उच्चारलेलं वाक्य उच्चारतो: “आता आपण जरा आपल्या साथीदारांचं ऐकू या.”

पेटीवाला तीनतालाचा लेहरा धरतो आणि आपला गृहस्थ, जो चार दिवस मान खाली घालून केहरवा वाजवत होता, तो बाह्या सरसावतो. पेशकाराला तो फार वेळ देत नाही, कारण पार्किंगच्या फाटकावर त्याचं लक्ष आहे आणि उपमा कधीही येऊ शकतो. थेट कायदा, त्याचे पलटे, रेला, मग गुरुजींकडून मिळालेली एक जपून ठेवलेली गत. पहिल्या रांगेतले आजोबा टाळीच्या जागी खाली आणि खालीच्या जागी टाळी देत असतात, तिसऱ्या मजल्यावरून कुकरची शिट्टी अवेळी येते, आणि तरीही समेवर पार्किंगभर ‘वा’ उमटतं. या ‘वा’मध्ये जाण थोडी आणि भूक अधिक असते, हे साथीदाराला कळतं. तो त्याबद्दल तक्रार करत नाही. संगीताचा राजाश्रय गेला आणि लोकाश्रय आला असं जाणकार लिहितात. तबल्याच्या हिशेबात तिसराही एक आश्रय आहे, तो उशिरा पोचणाऱ्या केटररचा.

आता पाकिटाचा मुद्दा. मैदानावरचं पाकीट जाड आणि सोसायटीचं पातळ, मग आवडीचं हे बोलणं ढोंग नाही का? पण एखादा कार्यक्रम घेणं वेगळं आणि तो आवडणं वेगळं. कोण काय घेतो यापेक्षा नंतर काय सांगतो ते ऐकावं. मैदानावरच्या पहाटेबद्दल साथीदार रक्कम सांगतो आणि पार्किंगला जागा कुठे मिळाली ते सांगतो. सोसायटीबद्दल बोलताना तो तोंडाने बोल म्हणतो आणि समोरच्या टेबलावर बोटं वाजवतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचंही तेच. तिथली दिवाळी पहाट सोयीच्या शनिवारी, बहुधा टळटळीत दुपारी होते, पाहुणचार उत्तम असतो, पण सभागृह तासांच्या हिशेबाने भाड्याने घेतलेलं असतं आणि वेळ संपली की ते रिकामं करावंच लागतं. तिथून परतलेला साथीदार बर्फाचे फोटो दाखवतो. बोल म्हणत नाही.

यापेक्षा अवघड आक्षेप घड्याळाचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. नरकचतुर्दशीला साथीदाराचे दोन-दोन कार्यक्रम असतात, सहाला कोथरूड आणि साडेदहाला चिंचवड. त्या दिवशी उपमा दहा मिनिटं लांबला तरी त्याचा जीव वर-खाली होतो, ठेक्याची लय त्याच्या नकळत वाढते आणि गायक डोळे वटारतो. दोन कार्यक्रमांमधला रस्ता बंद असेल तर त्याला शिष्याला बदली म्हणून पाठवावं लागतं आणि शिष्य बरा वाजवून आला तर पुढच्या वर्षीची सुपारी धोक्यात येते. म्हणजे माझं विधान थोडं आखडून घ्यायला हवं. नाश्ता उशिरा यावा, पण ज्याच्या पुढे दुसरा कार्यक्रम नाही अशा कार्यक्रमाला. असा कार्यक्रम साधारणपणे भाऊबीजेच्या सकाळी मिळतो. मोठ्या प्रायोजकांचा उत्साह पाडव्यापर्यंत संपलेला असतो, उरलेली तारीख सोसायट्यांना मिळते. एखाद्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं की साथीदार एका दिवसाच्या कमाईला मुकतो आणि पंचांगकर्त्यांना दोष देतो, पण भाऊबीज कोणी हिरावून घेत नाही यात त्याला समाधान असतं.

काही समीक्षक म्हणतील की साथीदाराने असं एकलवादनाला आसुसणं बरं नव्हे, संयम हेच त्याचं भूषण. मान्य. पण चार दिवस हा संयम पाळून झालेला असतो आणि त्याची नोंद कुठल्याही वर्तमानपत्राने घेतलेली नसते. खरा बिनतोड आक्षेप घेते ती त्याची बहीण. साडेनऊपासून ती पाट मांडून बसलेली असते आणि फोनवर तिला ‘निघालोच’ एवढंच ऐकू येतं, त्यामागे कोणीतरी लेहरा धरलेला. साडेअकराला तो पोचतो, ताटात सत्काराचा नारळ ठेवतो, आणि ओवाळणीचं पाकीट तिला सायंकाळपर्यंत मिळेल असं सांगतो, कारण समितीच्या सचिवांनी त्यालाही तेच सांगितलेलं असतं.