मँचेस्टर घेतलं, तिकीट विसरलो

भिवंडीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. इचलकरंजीलाही म्हणतात. एका नावावर दोन गावांनी हक्क सांगायचा आणि मूळ मालकाने हूं की चूं करायचं नाही, असा हा मामला. उद्या खऱ्या मँचेस्टरने रॉयल्टीची नोटीस धाडली तर आपण अस्मितेवर घाला पडला म्हणून धामणकर नाक्यावर रास्ता रोको करू. तसा तो रस्ता रोजच रोखलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

पण उसनं घ्यायचंच होतं, तर पुरतं घ्यायचं. मँचेस्टर दोन गोष्टी विकायचं : कापड आणि तिकीट. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात उतरणाऱ्या विलायती थानांवर रंगीत छापील कागद चिकटवलेला असे. कुठे लक्ष्मी, कुठे कृष्ण, कुठे हत्ती. रॅली ब्रदर्स, ग्रॅहम अशा पेढ्यांची ही तिकिटं आज हौशी संग्राहक पैसे मोजून घेतात. कापड बहुतेकदा साधंच, पांढरं, चारचौघांसारखं. पण अक्षरशत्रू गिऱ्हाईकसुद्धा चित्र बघून माल ओळखायचं, आणि साहेब त्या चित्रासाठी कोर्टाची पायरी चढायचा. १८७६ साली इंग्लंडात ट्रेडमार्कची नोंदणी सुरू झाली, तेव्हा सुती मालाच्या खुणांसाठी मँचेस्टरात वेगळी व्यवस्था करावी लागली, इतकी त्या खुणांची गर्दी होती.

आपण मँचेस्टरकडून माग घेतले, खडखडाट घेतला, बारा-बारा तासांची पाळी घेतली. तिकीट तेवढं घ्यायचं राहिलं.

भिवंडीच्या नारपोलीतला कुठलाही गाळा घ्या. माग असे धडधडतायत की बोलणं खुणांवर चाललंय. व्यापाऱ्याचा माणूस येतो, खिशातून दोन बोटं रुंद कात्रण काढतो. मालक त्यावर पिक ग्लास ठेवतो, डोळा बारीक करतो आणि सुईच्या टोकाने तार मोजतो. उभे किती, आडवे किती, सूत कुठलं. रीड, पीक, काउंट : सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर तीन आकडे लिहिले की संशोधन संपलं. ज्याने ते कापड पहिल्यांदा जुळवलं, त्याची अक्कल त्या पाकिटावर उतरली. थोड्याच दिवसांत तीच ‘क्वालिटी’ शेजारच्या चार गाळ्यांत चालू होते, भाव मीटरमागे पैशापैशाने घसरतो, आणि मग चौघे मिळून चहाच्या टपरीवर मंदीला शिव्या घालतात.

बौद्धिक संपदा म्हटलं की आपल्याला औषधं, रॉकेटं आणि अमेरिका आठवते. विणकराला कसली आलीय संपदा, तीही बौद्धिक? बरोबर आहे, साधं कॅम्ब्रिक किंवा पॉपलीन कुणाच्याच बापाचं नाही. पण डॉबीवर, जॅकार्डवर काढलेली नवी नक्षी? तिच्यासाठी डिझाइन्स ॲक्ट, २००० आहे. लहान उद्योगाला अर्जाची फी एक हजार रुपये. संरक्षण दहा वर्षं, पुढे पाच वाढवून मिळतात. अट एकच : नोंदणीचा अर्ज आधी, बाजार नंतर. आपला क्रम ठरलेला. आधी बाजार, मग व्हॉट्सॲप, मग नक्कल, मग वकील. वकिलाकडे गेल्यावर कळतं, की नक्षी जगजाहीर आपणच केली, आता ती नवी राहिली नाही.

यावर एखादा शहाणा म्हणतो, ‘‘अहो शेठ, कॉपीराइट आपोआप मिळतो!’’ मिळतो ना. पण नोंदवता येण्याजोगं डिझाइन न नोंदवता पन्नासाहून जास्त वेळा यंत्रावर काढलं, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार तो हक्कही उडतो. मायक्रोफायबर्स नावाची अमेरिकी कंपनी सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात भांडली आणि २००९ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर हरली. पन्नासचा आकडा यंत्रमाग किती वेळात गाठतो, हे भिवंडीला सांगायला नको.

आणखी एक मेख आहे. व्यापाऱ्याने सूत दिलं, नक्षी काढायला सांगितली, त्याचे पैसे मोजले, तर कायद्याने ती नक्षी व्यापाऱ्याची. डोकं जॅकार्डच्या मास्तरचं, गाळा मालकाचा, कर्ज बँकेचं, आणि डिझाइन ज्याने पाकीट सोडलं त्याचं. मजुरीवर माग चालवणाऱ्याला पिकामागे पैसे मिळतात. कल्पनेमागे द्यायचा दर अजून कुठल्या संघटनेने मागितलेला नाही. वीज सवलतीसाठी मोर्चे निघतात, ते निघायलाच हवेत. पण सवलतीच्या विजेवर विणलेलं निनावी कापड निनावीच राहतं.

आता गंमत बघा. नारपोलीचं ग्रे कापड रंगायला बाहेरगावी जातं, छापलं जातं, शिवलं जातं आणि कॉलरमागे कुणाचं तरी लेबल लावून परत भिवंडीतच येतं. मुंबईची जकात चुकवायला इथे गोदामं आली. २०१७ ला जकात गेली, गोदामं मात्र माणकोली-राहनाळपासून काल्हेरपर्यंत वाढतच राहिली. त्यांतल्या खोक्यांत आपलंच कापड लग्नानंतर नाव बदललेल्या लेकीसारखं माहेरी येऊन बसलेलं असतं, आणि बापाला ओळखू येत नाही. तेच कापड ऑनलाइन मागवून बापच त्याचे दसपट पैसे मोजतो. फरक धाग्याचा नाही, लेबलाचा आहे.

यंत्रमागाला नाव लाभत नाही, असंही नाही. सोलापूरची चादर यंत्रमागावरच निघते आणि तिला भौगोलिक मानांकन आहे. तरी पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपतो, ही सोलापूरकरांची जुनी तक्रार. मानांकनाचा कागद लॅमिनेट करून गणपतीच्या फोटोशेजारी लावला, की तो नकला करणाऱ्यांना दिसत नाही. त्यासाठी दुकानं तपासावी लागतात, नोटिसा द्याव्या लागतात, खटले लढवावे लागतात.

आणि कागदावर नाव कुणाचं, तेही बघावं लागतं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरी घालून पोरं चालवली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र पेटला. काही वकिलांनी जनहित याचिका ठोकली. मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक महाराष्ट्र आणि कर्नाटकची चर्मोद्योग महामंडळं, याचिकाकर्ते नव्हेत. डिसेंबरात प्राडाने करार केला तो याच महामंडळांशी. संताप सगळ्यांचा होता, करारावर सही मात्र ज्याची नोंद त्याची.

भिवंडीने हेच उचलावं. नक्षी स्वतःच्या खर्चाने काढा, आधी नोंदवा, मग शेजाऱ्याला लेखी परवाना देऊन मीटरमागे पैसे घ्या. नक्कल तो करणारच आहे, निदान बिल तरी फाडा. साध्या कापडाला डिझाइन नसेल, पण नाव असू शकतं : ट्रेडमार्कचा वर्ग २४, लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी साडेचार हजार. अँटॉप हिलच्या कार्यालयापर्यंत वाहतूक कोंडीत जायचीही गरज नाही.

इतके पैसे कुठून आणायचे, असं कृपा करून कुणी विचारू नये. नाव झळकवायची हौस या गावाला नाही, असं कोण म्हणेल? कल्याण नाक्यावर मान वर करा. साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल लावलेले शुभेच्छुक एकमेकांच्या खांद्यावर दाटीवाटीने उभे आहेत, त्यांत लूमवालेही सापडतील. तो फ्लेक्स पहिल्या वादळात फाटतो. डिझाइन पंधरा वर्षं टिकतं, आणि ट्रेडमार्कची फी दर दहा वर्षांनी भरत राहिलात तर तो नातवालाही पुरतो. साहेबांचं काय, त्यांना पुढच्या वर्षी दुसरे शुभेच्छुक मिळतील.