खाट नाही, तर दर नाही

उपचार सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज कळणे हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली तयार केलेल्या सनदेत रुग्णांचे 17 हक्क आहेत. अपेक्षित खर्च आधी सांगावा आणि मधेच उपचार बदलून तो वाढला तर वाढही लेखी कळवावी, असे तीत म्हटले आहे. सनद वाचून ऊर भरून येतो. पण सनद म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे ऊर भरण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग होत नाही.

कायदाही आहे. महाराष्ट्रात 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. जानेवारी 2021 मध्ये त्याचे नियम सुधारले गेले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. दर्शनी भाग म्हणजे कोणता, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. औषध कंपनीचे कॅलेंडर, देवाची तसबीर आणि ‘चपला बाहेर काढा’ ही पाटी लावून उरलेली जी भिंत, ती दर्शनी.

खरी गंमत थेरपीची आहे. वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये सोयाबीन सोंगून कंबर धरली की रुग्ण गावात नाहीतर वाशिमला शेक आणि करंट घ्यायला जातो. तिथे तो टेबलावर आडवा होतो, वीसेक मिनिटे पडून राहतो, पैसे देतो आणि घरी जातो. 1949 च्या कायद्याची नजर खाटेवर आहे. जिथे रुग्णाला दाखल करून घेतात, त्या जागेची नोंदणी होते. आडवे होण्याचे टेबल ही खाट नव्हे. म्हणजे रुग्ण रात्रभर झोपला तर त्याला दर कळण्याचा हक्क आहे, वीस मिनिटे झोपला तर नाही. बिनखाटेच्या दवाखान्यालाही कवेत घेणारा केंद्राचा कायदा 2010 साली आला. त्याच्या 2012 च्या नियमांत स्थानिक भाषेत दर लावण्याची सक्ती आहे. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही.

तरीही एका सिटिंगचा भाव अनसिंगच्या माणसाला विचारून कळतोच. कळत नाही तो आकडा, ज्याने त्या भावाला गुणायचे असते.

“किती दिवस लागन साहेब?”

“पाहू ना. आधी फरक तर पडू द्या.”

फरक पडला तर ‘थोडे दिवस चालू ठेवा’, नाही पडला तर ‘थोडे दिवस आणखी घ्या’. दोन्ही वाटा त्याच टेबलावर येतात. शरीराचा अंदाज कुणालाच देता येत नाही, हे त्यावरचे शास्त्रीय समर्थन. जमिनीच्या पोटाचाही देता येत नाही. म्हणून काही बोअरवाला गप्प राहत नाही. फुटाला किती, केसिंगचे वेगळे किती, अमुक फुटांवर पाणी नाही लागले तर मशीन थांबवून पुन्हा विचारणार, हे गाडी वावरात शिरण्याआधी ठरते. अनिश्चितता त्याच्याकडेही आहे. फक्त ती तो एकट्या गिऱ्हाइकाच्या माथी मारत नाही.

गुणाकार करता येतो, हे अमेरिकेत सिद्ध झाले आहे. तिथे 1 जानेवारी 2022 पासून विमा नसलेल्या किंवा स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्या रुग्णाला आधी लेखी अंदाज द्यावा लागतो. समुपदेशनासारख्या वारंवारच्या सिटिंगसाठी तो एकदम बारा महिन्यांपर्यंतचा देता येतो. अंतिम बिल अंदाजापेक्षा 400 डॉलर किंवा त्याहून जास्त फुगले, तर रुग्णाला दाद मागता येते. त्या देशातले उपचार जगात महागडे म्हणून नावाजलेले आहेत. निदान बुडण्याआधी पाणी किती खोल आहे, हे तिथे कागदावर मिळते.

सरकारी दवाखान्यात हा प्रश्नच उरत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. त्यामुळे अंदाजपत्रक शून्याचे. एसटीचे तिकीट, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचा चहा त्यात धरलेला नाही. मनाच्या दुखण्यासाठी 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे, तोही मोफत.

खासगीत उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा, 2019. सेवेची किंमत जाणून घेणे हा त्यात ग्राहकाचा हक्क मानला आहे आणि पैसे मोजून घेतलेला उपचार ही सेवाच असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगितले आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. पुरावा मात्र लागतो. तेव्हा पहिल्याच दिवशी, टेबलावर आडवे होण्याआधी, एका सिटिंगचे किती, सिटिंग किती आणि मशीनचे वेगळे काय, हे केसपेपरच्या मागे लिहून घ्यावे, आणि पावती मागावी.