नव्या प्रोसेसरची फेरफार नोंद

खरेदीखत झालं, पैसे मोजून दिले, पेढेही वाटले, पण सातबाऱ्यावर नाव अजून जुन्याच मालकाचं. हा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाला संगणकाचा प्रोसेसर बदलणं अवघड जाऊ नये. तिथेही वस्तू ताब्यात येते आणि नोंद मागे राहते. अशा त्रस्त खातेदारांच्या सोयीसाठी ही मार्गदर्शिका काढण्यात येत आहे.

अर्जदाराची पात्रता. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या यादीत पहिल्या पिढीचे रायझेन प्रोसेसर नाहीत. त्यामुळे बी४५० बोर्डावर रायझेन ५ १६०० लावून सुखात असलेला माणूस एका सकाळी अपात्र ठरतो. तो त्याच एएम४ सॉकेटात बसणारा रायझेन ७ ५७००एक्स आणतो. आधी ६ कोर आणि १२ थ्रेड होते, आता ८ आणि १६. घरी मात्र तो ‘मुलांच्या अभ्यासासाठी’ एवढंच सांगतो.

कलम १ : खरेदीपूर्व चौकशी. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. ही यादी वाचायची नसते, अशी आपल्याकडे प्रथा आहे. त्याऐवजी लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या दुकानात जाऊन विचारायचं असतं, “चालेल ना हो?” उत्तर येतं, “चालायला पाहिजे.” या दोन शब्दांत कोणतीही हमी नाही, हे घरी आल्यावर कळतं.

कलम २ : तलाठ्याची भेट. या व्यवहारातला तलाठी म्हणजे बायोस. किती कोर आहेत, कोणते चालू आहेत, याचा उतारा बायोस तयार करतं आणि विंडोज तोच प्रमाण मानते. विंडोजपुढे कितीही हातापाया पडलात तरी उताऱ्यात नसलेला कोर ती देणार नाही. बी४५० बोर्ड २०१८ सालचा, ५७००एक्स २०२२ सालचा. जुन्या बायोसने हे नाव कधी ऐकलेलंच नाही.

म्हणून बायोस आधी अद्ययावत करावं, आणि तेही जुना प्रोसेसर जागेवर असताना. उलट क्रमाने गेल्यास पंखे जोमाने फिरतात, दिवे लागतात, पडदा मात्र काळाच राहतो. मग शेजारी रॅम काढून खोडरबराने घासायला सांगतात. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवायही बायोस चढवता येईल असं एक बटण आणि त्यासाठी नेमून दिलेलं यूएसबी पोर्ट असतं. बोर्डाच्या पुस्तिकेत त्याची माहिती असते, आणि पुस्तिका रद्दीत गेलेली असते. बायोस चढवताना वीज जाता कामा नये. यूपीएस नसेल, तर निदान पावसाळी संध्याकाळ टाळावी.

कलम ३ : प्रत्यक्ष ताबा. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात आणि त्यातली एक वाकली तरी पुरते. कूलर सरळ वर खेचला, तर वाळून घट्ट झालेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही कुलूपबंद सॉकेटातून उपटून येतो. म्हणून आधी मशीन थोडा वेळ राबवून पेस्ट कोमट करावी. मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवावा आणि तो सुटला असं हाताला जाणवल्यावरच उचलावा. नवा बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटावरच्या त्रिकोणाशी जुळवावा. प्रोसेसर आपल्या वजनानेच खाली बसतो. बसत नसेल तर दाबू नये, नीट बघावं.

कलम ४ : हरकतींची सुनावणी. पहिल्यांदा सुरू करताच काही बोर्ड एक नोटीस बजावतात : नवा प्रोसेसर दिसतो आहे, एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी, पुसायचं का, वाय की एन? इथे सवयीने वाय दाबला जातो. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्यानंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड याच संगणकात. प्रोसेसर काढण्याआधीच बिटलॉकर तात्पुरता थांबवावा आणि की कागदावर उतरवून ठेवावी. एन दाबला तर जुनी नोंद शाबूत राहते, पण नव्या प्रोसेसरवर एफटीपीएम चालू होत नाही.

कलम ५ : उतारा तपासणे. विंडोज उघडली. टास्क मॅनेजरमध्ये सोळा आलेखांऐवजी एकच चौकोन दिसतो. ‘पंधरा कुठे गेले?’ म्हणून दुकानदाराला फोन करू नये. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरचं दृश्य निवडावं. तरीही चारच दिसले, तर स्वतःचा इतिहास आठवावा. कधीतरी एखाद्या व्हिडिओत ‘कॉम्प्युटर रॉकेट करा’ असं ऐकून एमएसकॉन्फिगमध्ये बूट, तिथून अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स असं जाऊन प्रोसेसरांच्या संख्येवर टिक केली होती का? त्या टिकने वेग वाढत नाही, फक्त मर्यादा लागते, आणि ती नव्या मालकालाही लागू राहते. टिक काढा, मशीन पुन्हा सुरू करा. सोळाऐवजी आठ दिसत असतील, तर बायोसमध्ये एसएमटी, म्हणजे एका कोरचे दोन थ्रेड करणारी सोय, बंद आहे का ते पाहा.

कलम ६ : अद्यापही अपात्र. एवढं करूनही विंडोज ११ नकार देते. कारण सोपं आहे : बायोस अद्ययावत करताना जुन्या सेटिंग बहुधा पुसल्या जातात. विंडोज ११ ज्यावर अडून बसते ते एफटीपीएम आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करावं. रॅमला तिच्या पूर्ण वेगाने पळवणारा एक्सएमपीही बंद झालेला असतो. ३२०० ची रॅम २१३३ वर रखडते आणि दोष नव्या प्रोसेसरला जातो.

कलम ७ : बनावट नोंद. काही हुशार मंडळी रजिस्ट्रीत जाऊन प्रोसेसरचं नावच बदलतात. ती नोंद दर वेळी मशीन सुरू होताना प्रोसेसरलाच विचारून नव्याने लिहिली जाते. त्यामुळे खोटं नाव रीस्टार्टपर्यंतच टिकतं. महसूल खात्याने या व्यवस्थेचा जरूर अभ्यास करावा.

निषिद्ध उपाय. सगळ्यात आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे “फॉरमॅट मार.” ही श्रद्धा अगदीच निराधार नाही. २००५ मध्ये दोन कोरचे प्रोसेसर बाजारात आले. तेव्हा एका कोरवर चढवलेली विंडोज एक्सपी कधी कधी दुसऱ्याकडे ढुंकून पाहत नसे, कारण बसवतानाच तिने एकप्रोसेसरी व्यवस्था पत्करलेली असे. नव्याने विंडोज मारली की दोन्ही दिसत. ती एक्सपी गेली, सल्ला मात्र पिढीजात चालू आहे. आज फॉरमॅट मारून बायोसचा उतारा बदलत नाही, फक्त लग्नाचे फोटो जातात.

तेव्हा क्रम पाळा : आधी बोर्डाची यादी, मग बायोस, मग प्रोसेसर आणि सर्वांत शेवटी विंडोज. आणि सोळाच्या सोळा आलेख दिसून, बिटलॉकर उघडून, मशीन आठवडाभर सुरळीत चालेपर्यंत जुना प्रोसेसर विकू नका.