साहेब, थोडी हवा सोडा

इस्लापुरात लग्नाला पत्रिका लागते, बारशाला निरोप लागतो. बॉनेट उघडायला मात्र काहीच लागत नाही. ते वर गेलं की माणसं आपोआप जमतात. मराठी, तेलुगू, गोरमाटी, गोंडी आणि आपली दखनी हिंदी, एवढ्या भाषांतून एकाच गाडीला सल्ला मिळण्याची सोय किनवट तालुक्याबाहेर क्वचितच असेल.

माझ्या गाडीचं दुखणं असं होतं की चालताना ती ठणठणीत असायची. बिघडायची ती उभी राहिल्यावर. क्लच दाबून थांबलं की थरथरायची आणि हळूच बंद पडायची. एरवी मी हे चालवून घेतलं असतं, पण पाऊस लागला होता. पैनगंगा भरून वाहू लागली की पुण्यातल्या नातेवाइकांना आमची आठवण येते. सहस्रकुंड धबधब्याच्या अलीकडे मराठवाडा आहे आणि पलीकडे विदर्भ. पाहुणे मात्र सगळे अलीकडचे, म्हणजे माझे. त्यांना धबधब्यावर न्यायला गाडी हवी, आणि ती तिथे थांबल्यावर परत निघायलाही हवी.

नांदेडच्या एका सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी गाडी न बघताच सांगितलं, "थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल." पाठोपाठ आकडा सांगितला. तो ऐकून बायकोने विचारलं, "अहो, ते गाडी विकायलेत का दुरुस्त करायलेत?" घरीच साफ करून बघायचं ठरलं.

पूर्वी हा मामला सरळ होता. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा एक्सलेटरला तार होती. पाय दाबला की तार ओढली जायची आणि थ्रॉटलची झडप उघडायची. पाय आणि इंजिन यांच्यात तिसरा माणूस नव्हता. आता तार गेली आणि साहेब आले. साहेब म्हणजे ईसीयू, गाडीतला संगणक. आपण पायाने दाबतो तो निव्वळ अर्ज असतो. अर्जाला साक्षीदार दोन लागतात, म्हणून पेडलमध्ये सेन्सर दोन. पुढे झडपेजवळ आणखी दोन. चौघांच्या जबान्या जुळल्या तरच साहेब एका छोट्या मोटरला हुकूम देतात आणि झडप उघडते. जबान्या फुटल्या तर पी २१३५ सारखा शेरा पडतो आणि मोटरची वीज तोडली जाते. मग झडप स्प्रिंगच्या जोरावर किंचित उघडी राहते, आपण रखडत घरी पोचावं एवढ्यापुरती. शिवाय पेट्रोलच्या गाडीत या झडपेतून पेट्रोल जातच नाही, जाते ती हवा. किती हवा आत आली ते बघून पेट्रोल किती सोडायचं, हे साहेबांच्या अखत्यारीत.

माझी गाडी बिघडली नव्हती, तुंबली होती. इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ धुराड्यातून बाहेर न सोडता पुन्हा हवेच्या वाटेनेच आत घेतात. ती झडपेच्या कडेला बसते आणि तिथे काळं किटण धरतं. गाडी उभी असताना इंजिन तिथल्या केसाएवढ्या फटीवर जगत असतं. फट बुजत चालली की साहेब झडप थोडी जास्त उघडून वेळ मारून नेतात आणि ती सवलत फाइलला नोंदवून ठेवतात. कुणाला पत्ता लागत नाही. सवलतीची मर्यादा संपते त्या दिवशी गाडी भर बाजारात बंद पडते.

बॉनेट उघडलं तेव्हा ट्रॅक्टरचे मिस्त्री सर्वांत आधी आले. कानाने दोन क्षण ऐकून म्हणाले, "कायच नाही सर, हवा धरलीय."

"मिस्त्री, डिझेलच्या गाडीत हवा धरते. ही पेट्रोलची आहे."

"बगा आता. मी आपलं सांगितलो."

शेजारचे काका म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी. किराणावाल्या मामांनी लिंबू-मिरची सुचवली, आणि ती दुकानात उपलब्ध असल्याचंही सांगितलं. मग पुतण्याने ब्लूटूथचा डोंगल स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोचला आणि मोबाइलवर पी ०५०६ उमटलं. अर्थ असा की उभ्या गाडीचे फेरे अपेक्षेपेक्षा कमी आहेत. काका म्हणाले, "हे तर मी आवाजावरूनच सांगितलो असतो."

एसटीतून निवृत्त झालेल्या ड्रायव्हर आजोबांचा या सगळ्या इलेक्ट्रॉनिकलाच विरोध होता. "असल्या गाड्या आपोआप पळतात म्हणे." मी माहिती पुरवली की अमेरिकेत टोयोटाच्या गाड्यांवर हाच आरोप झाला, तेव्हा सरकारने थेट नासाला कामाला लावलं. दहा महिने तपास झाला, सॉफ्टवेअरच्या २,८०,००० हून अधिक ओळी तपासल्या गेल्या आणि २०११ च्या फेब्रुवारीत अहवाल आला. आपोआप सुसाट पळवेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. कारणं निघाली ती साधी, कुठे चिकटणारं पेडल तर कुठे पेडलवर सरकून अडकणारी पायाखालची मॅट.

आजोबांनी विचार केला. "मग आपली बी मॅट बगा की आधी."

नासाचा हवाला मीच दिलेला, त्यामुळे मॅट बघावी लागली. ती जागेवर होती. त्यानंतर वायरिंग बघितलं, कारण आमच्याकडे घरात कापूस आणि कापसात उंदीर असतात. सेन्सरची वायर कुरतडलेली असेल तर झडप आरशासारखी चमकवूनही उपयोग नाही. तीही शाबूत होती.

इंजिन गार होतंच. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, हवेचा रबरी पाइप काढला. आत झडपेची काळी कुळकुळीत चकती दिसली आणि मागून हात पुढे झाले. एकाने रॉकेलची बाटली आणली, दुसरा चकती बोटाने ढकलून बघायला निघाला. दोघांना थोपवणं हेच माझं खरं तांत्रिक काम. चकतीमागे बारीक दातऱ्यांची चक्रं असतात आणि ती बरेचदा प्लास्टिकची असतात. जोर लावला की दात जातात, आणि मग नांदेडचा आकडा खरा ठरतो. फवारा थेट आत मारला तर तो दांड्याच्या कडेने सेन्सरपर्यंत उतरू शकतो. म्हणून थ्रॉटल क्लीनर जुन्या बनियनच्या तुकड्यावर मारायचा आणि कडा अलगद पुसायची. बनियन काळं होत गेलं तसतसा प्रेक्षकांचा माझ्यावरचा विश्वास वाढला. मळ निघताना दिसला की आपल्याकडे काम झालं असं मानतात.

पण सगळं जोडून स्टार्टर मारला तर उरलेल्या क्लीनरचा धूर निघाला आणि गाडी उभ्या जागी रेस घेऊन घोंघावू लागली. "बिघडवलात," असं पाच भाषांत ऐकू आलं. वास्तविक फट मोकळी झाली होती, पण साहेब अजून जुन्या फाइलवरची सवलत देत होते. ती फाइल बंद करायची रीत प्रत्येक गाडीची वेगळी. माझ्या गाडीची अशी: चावी फिरवून थोडं थांबा, बंद करा, मग सुरू करून एसी नको, दिवे नकोत, एक्सलेटरला पाय नको. इंजिन तापून पंखा फिरेपर्यंत कशालाही हात लावू नका.

इस्लापुरात काही न करता बसणारी माणसं मुबलक आहेत, पण उघड्या बॉनेटशेजारी बसवून तेच करायला सांगा, कुणालाही जमत नाही. "थोडी रेस द्या की," असा आग्रह चौफेर सुरू झाला. पुतण्याचा पाय दोनदा पेडलकडे निघाला, तेव्हा बायकोने त्याला हाताला धरून खाली उतरवलं आणि सगळ्यांच्या हातात चहाचे कप दिले. हात गुंतल्यावर साहेबांना निवांतपणा मिळाला. काटा उतरत उतरत साडेसातशेवर आला आणि तिथेच राहिला.

काका म्हणाले, पाणी उडून गेलं असेल. मिस्त्रींनी चहा संपवून शांतपणे विचारलं, "सर, ह्या झडपेतून काय जातं म्हणलात?"

"हवा."

"आन् ती अडकली होती?"

"हो."

"मग मी काय म्हणलो होतो?"

हे खोडून काढायला मी अजून तांत्रिक मुद्दा शोधतो आहे. सापडला तरी आता ऐकणार कोण, म्हणा. मिस्त्रींकडे ट्रॅक्टरबरोबर पेट्रोलच्या कारही यायला लागल्या आहेत.